डॉक्टरांना सगळं चालतं

विश्वासदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका बाईच्या दंडाला रबर बांधून तिची शीर शोधत होते. बारामतीत माझी रक्त-लघवी तपासायची छोटी लॅब आहे. सकाळची वेळ, उपाशीपोटी आलेली माणसं बाकड्यावर बसलेली. फोन वाजायचा थांबेना म्हणून हातमोजा काढून घेतला. पलीकडे इंदापूरहून सुनंदावहिनी होती. "वन्सं, हे गेले हो," एवढंच ती म्हणाली आणि मग बराच वेळ नुसता तिच्या घरातल्या पंख्याचा आवाज येत राहिला... मी "निघते" म्हणाले, फोन ठेवला, नवा हातमोजा घातला आणि त्या बाईचं रक्त काढलं. रडू आलं नाही. नंतर लोक म्हणाले, धक्क्यानं होतं असं. धक्का कसला? हे होणार हे मला ठाऊक होतं, वहिनीला ठाऊक होतं, आणि सगळ्यांच्या आधी ते दादाला ठाऊक होतं. मला राग आला होता. इंदापूरच्या रस्त्याला गाडीत बसले तेव्हा रागच होता, तिथं पोचल्यावर त्याचा चेहरा पाहिला तेव्हाही होता, आणि आता इतके आठवडे उलटल्यावर लिहायला बसले आहे तरी तो कमी झालेला नाही. गेलेल्या माणसाबद्दल गोडच बोलायचं असतं म्हणतात. गोडाचा मला पुरेसा वीट आला आहे.

दादा जनावरांचा डॉक्टर. आम्ही मूळचे पणदऱ्याचे. वडिलांचा ऊस होता आणि गोठ्यात गाई होत्या. शाळेतून आला की दादा दप्तर ओसरीत टाकून आधी गोठ्यात जायचा. पुढं तो त्याच विद्येचा डॉक्टर झाला, सरकारी नोकरीत लागला, इंदापूर तालुक्यातल्या गावांमधून फिरला आणि तिथंच घर बांधून राहिला. निवृत्त झाल्यावर तर त्याला जास्तच बोलावणी यायला लागली. अडलेलं वासरू फिरवून काढण्यात त्याचा हात धरणारं त्या भागात कुणी नव्हतं. खांद्यापर्यंत हात आत, डोळे मिटलेले, आणि तोंडानं गाईशी बोलणं चाललेलं, "थांब बाय माजे, झालंच बघ." गोठ्यात शिरला की मालकाला रामराम नंतर, आधी गाईच्या कपाळावर हात. माझ्या भावाला ज्यांनी नुसतं मोटारसायकलवरून जाताना पाहिलं त्यांनाही तो आवडायचा. हे सगळं लिहिते आहे ते कौतुक म्हणून नाही. एवढा जीव लावणारा, एवढं कळणारा माणूस होता आणि तरी... म्हणून लिहिते आहे.

साखर आमच्या घरातली. आईला होती. तिनं कधी पथ्य केलं नाही, आणि शेवटी तिची नजर गेली. दादा खोलीत आला की ती त्याला पावलांवरून ओळखायची, मग हात पुढं करून त्याचा चेहरा चाचपायची. तो तिच्यासमोर मान खाली घालून बसून राहायचा. तेव्हा त्याला स्वतःला साखर निघून वर्षं झाली होती. तिचा हात गालावर असताना त्याच्या मनात काय चालत असेल, हे मी त्याला कधी विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती. एवढं समोर दिसल्यावर माणूस आपोआप शहाणा होतो अशी माझी समजूत होती. ती समजूत किती पोकळ असते ते मला दादानं शिकवलं.

त्याचा दिवस म्हणजे गोठ्यामागून गोठा. आणि प्रत्येक गोठ्यामागं चहा. आमच्याकडं चहा म्हणजे घट्ट दुधाचा, ओठाला ओठ चिकटेल इतका गोड. पाहुणा मोठा तेवढी साखर जास्त. दादा मोठाच पाहुणा. कुणाची गाय वाचली की चहाबरोबर पेढा, कालवड झाली तर खरवस. मी म्हणायचे, "दादा, नको म्हणायला शीक." तो म्हणायचा, "शाले, अगं माणसं मनापासून देत्यात." माझं नाव शालन, मी रागावले की तो मुद्दाम शाले म्हणायचा.

रक्त तपासायला तो माझ्याकडंच यायचा. यायच्या आधी चार दिवस शहाण्यासारखा वागायचा. चहा बंद, भात बंद, पहाटे उठून चालणं. मग बारामतीला येऊन ऐटीत हात पुढं करायचा. आकडा बरा आला की कागद घडी करून खिशात, आणि घरी जाऊन वहिनीपुढं ठेवायचा. वहिनी बिचारी देवापुढं दिवा लावायची. मला त्याचा संशय बराच काळ होता. एकदा त्याच रक्तातून मी गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर काढली. ती चार दिवसांच्या सोंगाला भुलत नाही. दुसरा कागद त्याच्यापुढं ठेवला. त्यानं चष्मा लावला, वाचला, चष्मा काढला.

"तू पोलिसात जायला पायजे हुतीस," तो हसत म्हणाला.

मी हसले नाही. "तू कुणाला फसवतोयस? मला?"

"न्हाय गं. तुझी वहिनी जरा निवांत झोपती त्या कागदानं."

त्यानंतर तो माझ्याकडं रक्त द्यायला आलाच नाही. इंदापुरात कुठंतरी द्यायला लागला, जिथं सांगितलं तेवढंच तपासतात.

एक दिवस मात्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. वडगाव निंबाळकरला एका चुलत भाचीचं लग्न होतं. दादा आणि मी त्याच्या गाडीतून निघालो होतो. पणदऱ्याच्या अलीकडं त्याला फोन आला. आमच्या जुन्या शेजाऱ्यांची, नानांची, गाय बसली होती ती उठेना. दादानं लग्नाच्या कपड्यांतच गाडी आत वळवली. नानांकडं आदल्या दिवशी बारसं झालं होतं. उरलेला भात आणि बुंदी वाया कशाला घालवायची म्हणून पाटीभर गाईपुढं ओतली होती. गाय डोळे फिरवून पडलेली, पोट नगाऱ्यासारखं. दादानं बाह्या वर सारल्या, नळी घातली, सोड्याचं पाणी सोडलं, सलाईन लावली. तासाभरानं गायीनं कान हलवले, रवंथ करायची खटपट केली. तेव्हा कुठं तो सरळ उभा राहिला आणि मग नानांवर असा काही बरसला की गोठ्यातली बायामाणसं मागं सरली.

"नाना, ती मुकं जनावर हाय. म्होरं टाकलं ते ती खाणार. गोड लागलं तर जास्तच खाणार. तिला कुठं कळतंय पोटात जाऊन काय हुतंय ते? पर तुमाला कळतंय नव्हं? कळून सवरून इख घातलं तुमी तिला."

वयानं मोठे असलेले नाना खाली मान घालून ऐकत होते. दादाचा आवाज खरा होता. त्याला गाईचं खरंच दुखलं होतं. मग तो हात धुऊन बाजेवर बसला. आतून सूनबाई चहा घेऊन आली, कप बशीत सांडेस्तोवर भरलेला. दादानं तो घेतला. मी समोरच उभी होते.

"दादा," मी म्हणाले, "तुला तर कळतंय नव्हं?"

क्षणभर कुणाला उलगडलं नाही. मग नाना हसले, सूनबाई पदर तोंडाला लावून हसली, आणि दादाही हसला. रागावलेल्या माणसाला हसू आलं म्हणून सगळ्यांना बरंच वाटलं. "आक्का, डॉक्टरांना समदं चालतंय," नाना म्हणाले. "आमाला सांगायचं आन् आपन खायाचं, तवाच तर डॉक्टर." पुन्हा हशा. दादानं बशीत चहा ओतून फुर्रकन प्यायला. लग्नात पोचलो तेव्हा पंगती उठत आल्या होत्या. तरी त्यानं जिलेबी घेतलीच.

मला त्या हशाचा राग येतो. तिथं कुणी वाईट नव्हतं. सगळी त्याच्यावर जीव लावणारीच माणसं होती, आणि तीच त्याला रोज थोडं थोडं पाजत होती. एका घोटानं काय होतंय डॉक्टर. आज सणाचं तरी घ्या. आमच्या घरचं नको व्हय? आपल्याकडं एखाद्याला नको म्हणू न देणं ही माया समजली जाते. मला ती माया वाटत नाही. समोरच्याच्या जिवापेक्षा आपला पाहुणचार मोठा मानणं याला मी माया म्हणणार नाही. पण एवढं लिहून मी दादाला सोडत नाही. त्याच्या तोंडात कुणी नळी घालून ओतलं नव्हतं.

पुढं ते गमबुटाचं झालं. गोठ्यात तो गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालायचा. एका संध्याकाळी घरी येऊन पायरीवर बसला आणि वहिनीला म्हणाला, "जरा वढ गं, निघंना झालाय." वहिनीनं बूट ओढला तर आतून रक्त आलं, मोजा पायाला चिकटलेला. दुपारी कधीतरी म्हशीचा पाय पडला असणार. साखरेनं पाय बधिर झालेला, त्याला कळलंच नव्हतं. त्या पायानं तो दिवसभर हिंडला होता, गाडीला किक मारली होती. "दुखलं न्हाय व्हय?" वहिनी विचारत राहिली आणि तो पायाकडं परक्याच्या पायाकडं बघावं तसा बघत राहिला. जखम बरी होईना, काळी पडायला लागली, आणि बारामतीला आणून दोन बोटं काढावी लागली. शुद्धीवर आल्यावर तो पहिल्यांदा माझ्यासमोर रडला. माझा हात धरून म्हणाला, "संपलं शाले. आता एक थेंब न्हाय."

आणि खरंच, पुढचे काही महिने तो दुसराच माणूस होता. वहिनी रोज संध्याकाळी फोन करायची. आज ज्वारीची भाकरी आणि मेथी खाल्ली, आज बाहेर काही घेतलं नाही, आज स्वतःहून रक्त तपासलं. तिचा आवाज नव्या नवरीसारखा झाला होता. मीही सैल झाले. माणसाची बोटं गेल्यावर तर तो शिकेलच, असं मला वाटलं. ज्याची बोटं जातात तो आयुष्यभर त्याच पायानं चालत असतो, विसरणार कसा?

दिवाळीत भाऊबीजेला मी इंदापूरला गेले. कधी पोचणार ते मुद्दाम न कळवता एसटीनं गेले. स्टँडवरून चालत निघाले तर कोपऱ्यावरच्या हॉटेलात दादा बसलेला. पुढं चहाचा ग्लास, खारीची बशी. पायात ती बोटं नसलेल्या पायासाठी मुद्दाम बनवून घेतलेली चप्पल. मी फूटपाथवर थांबले. त्यानं वर पाहिलं, मला ओळखलं, आणि काय करावं त्याला सुचेना तसा त्यानं हाताचा पंजा ग्लासवर ठेवला. झाकला. साठी उलटलेला माझा थोरला भाऊ, ज्याच्या हातात गावोगावची माणसं डोळे झाकून जनावर सोपवायची, तो लहान पोरासारखा ग्लास झाकून माझ्याकडं बघत होता. मी सरळ घरी गेले, तो आल्यावर ओवाळलं, आणि तसंच उलट्या एसटीनं परत आले. त्या दिवशी बोलले असते तर हात उचलला गेला असता.

मूत्रपिंडं गेली तेव्हा डायलिसिससाठी त्याला बारामतीला यावं लागायचं. झालं की दुपारी तो माझ्या घरी पडून राहायचा, मग गाडीनं परत. पांढरा फटक चेहरा, सुजलेले पाय. अशाच एका दुपारी मी त्याच्याजवळ खुर्ची ओढून बसले आणि विचारलं. भांडायला नाही, खरंच विचारलं. "दादा, का रे? मला नीट सांग. आई बघितलीस, पाय बघितलास. शिकलेला आहेस. का?"

तो छताकडं बघत होता. म्हणाला, "चहा सोडला हुता ना मी, तवा एक झालं बघ. गाय बघायचो, हात धुवायचो, चहा नको म्हणायचो. मग माणसं म्हणायची, बरं मग, या डॉक्टर. बसा म्हणायची न्हाईत. चहा न्हाय तर बसायचं कशाला? आधी बाजंवर बसून ऊस, पाणी, पोरांची लग्नं, समदं बोलणं व्हायचं. ते तुटलं. मी नुसता सुई टोचायला येणारा झालो."

मला ते ऐकून वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचा दुसऱ्या क्षणी संताप आला. "आणि हॉटेलात?" मी म्हणाले. "तिथं कोण होतं तुझ्याशी बोलायला? एकटा बसला होतास. आणि बाजारातून येताना गाडीच्या डिकीत जिलेबी कुणाच्या आग्रहानं यायची? वहिनीनं सांगितलंय मला सगळं."

तो हसला. त्याच्यात हसायचीही ताकद नव्हती. "ते खरं हाय," तो म्हणाला. मग कुशीवर वळला. मला वाटलं झोपला. पण तो बोलला.

"नानांच्या गाईला सकाळी घातलं, संध्याकाळी पोट फुगलं. तिला जर दुसऱ्यांदा कुणी घातलं असतं तर तिनं हुंगून तोंड फिरवलं असतं, जनावर हाय तरी. मी सकाळी प्यालो तर संध्याकाळी मला काय हुत न्हवतं. दुसऱ्या दिवशीबी न्हाय. दर कपाला वाटायचं, ह्या एकानं काय व्हायचंय. आणि खरंच त्या एकानं काय झालं न्हाय गं. त्यातल्या कुठल्या कपानं बोट गेलं ते तू तरी सांगशील का? प्यालो आन् तिथंच पाय दुखला असता तर पहिल्या दिवशीच सोडला असता." आणि मग डोळे मिटून, अगदी सहज, "शिवाय गोड लागतंय. ते कुणी धरतच न्हाय हिशोबात."

एवढं लख्ख कळणारा माणूस. स्वतःच्या मरणाचं निदान त्यानं माझ्या खाटेवर पडून कुठल्याही मोठ्या डॉक्टरापेक्षा नीट सांगितलं. कळत नाही म्हणून माणसं मरतात, असं मी लॅबमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला समजावत बसले. तक्ते लावले, घसा कोरडा केला. दादा मला सांगून गेला की कळण्याचा काही उपयोग नसतो. मी त्या दिवशी त्याला म्हणाले, "मग आमचं काय? तुला गोड लागतं, आणि वहिनीनं काय करायचं?" संध्याकाळी गाडीत बसताना त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्यानंतर थोड्याच दिवसांनी पहाटे, घरीच, त्याचं हृदय थांबलं.

तेराव्याला गोडाचं जेवण करतात. ही आपली रीत आहे आणि ती कुणी मोडायची नसते. पंगतीत बुंदी वाढली गेली. माझ्या शेजारच्या बाई म्हणाल्या, "डॉक्टरांना लई आवडायची," आणि डोळे पुसत दुसऱ्यांदा घेतली. मी ताटावरून उठले. बाहेर मांडवात आमच्या नात्यातले एक आबा चार माणसांत बसून सांगत होते, "सुनंदानं जरा ध्यान द्याया पायजे हुतं. शेवटी घरच्या बाईच्या हातात असतंय समदं." वहिनी तिथंच पाण्याचे तांबे भरत होती. तिनं ऐकलं.

मी म्हणाले, "आबा, तुमच्या घरी दादा आला की काय द्यायचा तुम्ही त्याला?"

"म्हंजे? चहापाणी. दुसरं काय?"

"बिनसाखरेचा?"

कुणीतरी म्हणालं, आज नको आक्का हा विषय. वहिनीनं माझा हात धरून मला आत नेलं. आत गेल्यावर ती म्हणाली, "राहू द्या वन्सं. मलाबी त्यांचा राग येतो. पण आबांचा न्हाय, ह्यांचा येतो. रात्रंदिवस येतो. मला सोडून जायचं ह्यांनी कपाकपानं ठरवलं. विचारलं का मला?" ती मोठ्यानं रडली नाही. हातातला तांब्या तिनं इतका घट्ट धरला होता की मला तो सोडवून घ्यावा लागला. त्या दिवशी तिथं माझ्यासारखाच राग असलेली ती एकच बाई होती.

गेल्या रविवारी मी पुन्हा इंदापूरला गेले. दुपारी आम्ही दोघी पुढच्या खोलीत बसलो होतो तेव्हा दारात एक शेतकरी आला, लांबच्या वाडीवरचा. गाय माजावर येत नाही म्हणून डॉक्टरांना विचारायला आला होता. त्याला बातमीच नव्हती. वहिनीनं सांगितलं. तो उंबऱ्यातच टोपी काढून उभा राहिला, मग आत येऊन खुर्चीच्या कडेवर टेकला. वहिनी उठली आणि तिनं चहा केला. त्याला दिला, मला दिला, स्वतः घेतला.

त्यानं पहिला घोट घेतला आणि थांबला. भुवया किंचित वर गेल्या. त्यानं कपात पाहिलं, वहिनीकडं पाहिलं. मीही घोट घेतला. चहात साखर नव्हती. ह्या घरात साखर येणं वहिनीनं दादाच्या पथ्यापायी कित्येक वर्षांपूर्वी बंद केलं होतं. आता ज्याच्यासाठी बंद केली तो राहिला नव्हता, तरी तिनं डबा भरला नव्हता. हळूहळू, एकेक घोट घेत त्यानं सगळा कप संपवला, बशीत पालथा ठेवला आणि हात जोडून म्हणाला, "लई आधार हुता वैनी डॉक्टरांचा." मग टोपी घालून गेला.

वहिनी कप उचलत म्हणाली, "रोज येतंय कुणीतरी. सगळी असाच पितात, बसून बोलतात. साखर मागितली न्हाय अजून एकानंबी."

मी त्या रिकाम्या कपाकडं बघत बसले. इतक्या सहज झालं होतं ते. न बोलता, न मागता, माणसं बिनसाखरेचा चहा पिऊन जात होती, बसत होती, बोलत होती.